ओट्यावरून जाणारा रस्ता

रायपूरच्या तात्यापारा चौकाजवळच्या त्या घराला पुढे ओटा आहे. सकाळी सात वाजता आजोबा तिथे खुर्ची टाकून चहा घेतात, वर्तमानपत्र वाचतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलतात. साडेनऊ झाले की खुर्ची उचलून आत न्यावी लागते. मग शाळांच्या व्हॅन, ई-रिक्षा, स्कूटी, माल उतरवणारे छोटे टेम्पो असा सगळा लोंढा एकमेकांवर हॉर्न वाजवत ओट्याला खेटून सरकत राहतो. ‘‘जाम लागला,’’ असे आजी आतूनच म्हणतात आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतात. पुण्या-मुंबईकडे याला वाहतुकीची कोंडी म्हणतात. रायपूरच्या मराठी घरात ‘जाम’ म्हटले की पुरते.

छत्तीसगडी भाषेत पारा म्हणजे वस्ती, आळी. तात्यापारा या नावातच मराठीपण आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर १८५४ पर्यंत होता. त्या काळात आणि त्यानंतरही कचेरी, शाळा, रेल्वे अशा निमित्ताने मराठी कुटुंबे इकडे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगडी आणि गणपतीत चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाची वारी, असे या कुटुंबांचे चालते. ओटावाले हे घर त्यांतलेच एक. पुढे ओटा, ओट्याच्या कोपऱ्यात तुळशीवृंदावन, त्याला लागून भाड्याने दिलेले चष्म्याचे छोटे दुकान आणि मागे राहते घर.

समोरचा रस्ता म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. त्याला सारे रायपूर जी. ई. रोड म्हणते. नागपूरकडून येणारा हा जुना रस्ता टाटीबंधला शहरात शिरतो. आमापारा, तात्यापारा, शारदा चौक, जयस्तंभ चौक, शास्त्री चौक अशी शहराची सगळी महत्त्वाची ठिकाणे ओवत तो तेलीबांधा तलावाकडून पुढे ओडिशाच्या दिशेने निघतो. मुंबई-कोलकाता महामार्ग म्हणून एकेकाळी त्याला सहा नंबर होता. नव्या क्रमवारीत तो महामार्ग त्रेपन्न झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. २००१ च्या जनगणनेत सहा लाखांच्या आसपास असलेली शहराची वस्ती २०११ मध्ये दहा लाखांवर गेली. आमापाऱ्याकडून येणारा रस्ता रुंद झाला, जयस्तंभाकडचा रस्ता आधीच रुंद होता. मधला तात्यापारा ते शारदा चौक हा अर्ध्या किलोमीटरच्या आसपासचा तुकडा मात्र वर्षानुवर्षे अरुंदच राहिला. प्रस्ताव, मोजणी, मोबदल्याचा हिशेब, पुन्हा प्रस्ताव, असे त्याचे चक्र चालू राहिले. बाटली कितीही मोठी असली तरी पाणी गळ्यातून येईल तेवढेच येते. रायपूरच्या बाटलीचा गळा नेमका आजोबांच्या ओट्यासमोर होता.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी आजींना दम लागला. गोलबाजारात खरेदीला उसळलेली गर्दी रस्त्यावर पसरली होती. नातीने ऑटो थांबवली, आजींना बसवले आणि मोठ्या सरकारी दवाखान्याचा रस्ता धरला. एरवी दहा मिनिटांचे अंतर. त्या दिवशी शारदा चौक गाठेपर्यंतच वीस मिनिटे गेली. ऑटोवाला खाली उतरून पुढच्या गाड्यांना हात जोडत होता. आजी बऱ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी घरीही आल्या. पण ती वीस मिनिटे आजोबांच्या मनातून जाईनात.

नकाशा

आजोबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. उभा जन्म ट्रेसिंग पेपर, शाई आणि टी-स्क्वेअर यांच्याबरोबर गेलेला. आता वय पंचाहत्तर, पण हात अजून स्थिर. दिवाळी संपताच त्यांनी जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढला, पुसला आणि शहराचा नकाशा पसरला. शहराच्या पश्चिमेला खारून नदी. तिच्यावर महादेव घाटाचा पूल. घाटापलीकडे आता नव्या वसाहती झाल्या आहेत. तिकडची माणसे रोज कामाला रायपुरात येतात. आजोबांनी महादेव घाटाच्या वरच्या अंगाला नदीवर एक नवा पूल काढला. पुलापलीकडून दक्षिणेला वळणारा आणि धमतरीच्या रस्त्याला मिळणारा पंचेचाळीस मीटर रुंदीचा बायपास काढला. जोडीला सहा पानांचे निवेदन लिहिले. नवा रस्ता झाला की शहरातली गर्दी बाहेरच्या बाहेर जाईल, जी. ई. रोड मोकळा होईल, मग तात्यापाऱ्यातले रुंदीकरण करण्याचे कारणच उरणार नाही, असा त्याचा सारांश होता. शेजारच्या दुकानदारांनी आनंदाने सह्या केल्या. ज्याच्या त्याच्या मनात आपापला ओटा होताच.

नात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिने निवेदन वाचले आणि हळूच विचारले, ‘‘आजोबा, रिंग रोड तरी तुमच्या वेळी कशासाठी काढला होता?’’

आजोबा गप्प राहिले. टाटीबंधहून रायपुरा, भाठागाव, संतोषी नगर, पचपेडी नाक्यावरून तेलीबांध्याला मिळणारा रिंग रोड क्रमांक एक हासुद्धा शहराचा बायपासच होता. मुंबई-कोलकाता मार्गावरचे ट्रक शहरात शिरू नयेत म्हणून शेतांमधून नेलेला. मग त्याच्या कडेला गोदामे आली, ढाबे आले, मोटारींची शोरूम आली, वसाहती आल्या. ज्या रस्त्याने शहर टाळायचे, त्याच्याच दोन्ही अंगांना शहर येऊन बसले. मग त्या बायपासवरच्या चौकांत जाम होऊ लागला आणि पचपेडी नाक्यासारख्या ठिकाणी उड्डाणपूल बांधावे लागले. पंडरीचे जुने बसस्थानक २०२१ मध्ये हलवले, तेही या रिंग रोडवरच्या भाठागावला.

पुण्याच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. कात्रजहून देहूरोडकडे जाणारा बाह्यवळण रस्ता महामार्गाची वाहने शहराबाहेरून नेण्यासाठी होता. वारजे, बावधन, बाणेर, बालेवाडी त्याला येऊन भिडली आणि तो शहरातलाच एक गजबजलेला रस्ता झाला. त्याच्यावरच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटके लावून पाडावा लागला. तिथला नवा उड्डाणपूल १२ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. आपल्याकडेच असे होते म्हणावे, तर तेही खरे नाही. लंडनभोवतीचा एम-२५ हा १८८ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता १९८६ मध्ये पूर्ण झाला. काही वर्षांतच तो इतका भरला की रुंद करायला घ्यावा लागला.

याचे कारण गूढ नाही. रस्ता मोकळा दिसला की जो माणूस आजवर गर्दीला भिऊन बाहेर पडत नव्हता तो गाडी काढतो. जमिनीचे व्यवहार करणारे ‘बायपासला लागून प्लॉट’ अशा पाट्या लावतात. प्लॉटवर घर होते, घरातल्या प्रत्येकाची गाडी होते. दहा वर्षांत आपण होतो तिथेच येतो, फक्त जाम मोठा होतो.

‘‘मग काय रस्ते बांधूच नयेत?’’ आजोबा थोडे चिडलेच.

‘‘बांधावेत ना. पण आपल्या दारातला जाम कुणाचा आहे, ते तरी आधी बघू या,’’ नात म्हणाली.

वहीतली मोजणी

रस्ता आखण्याआधी माणसे कुठून निघतात आणि कुठे जातात याची पाहणी करायची असते. मोठ्या शहरांत त्यासाठी कंपन्या नेमतात. इथे नातीने दोन शाळकरी मुले हाताशी घेतली, एक दोनशे पानी वही घेतली आणि सलग तीन दिवस सकाळी-संध्याकाळी एकेक तास ओट्यावर मुक्काम ठोकला. जाममध्ये थांबलेल्या लोकांना नुसते विचारायचे, ‘‘भैया, कहाँ जा रहे हो?’’ अडकलेला माणूस बोलायला तयारच असतो.

तिसऱ्या दिवशी वही आजोबांच्या पुढे आली. गोलबाजार, सदर बाजार, मालवीय रोड, शाळा, कचेरी, दवाखाना, रेल्वे स्टेशन, पुन्हा गोलबाजार. पाने उलटली तरी उत्तरे तीच. नागपूरहून संबलपूरला किंवा बिलासपूरहून जगदलपूरला निघालेला एकही माणूस वहीत सापडला नाही. ते सगळे केव्हाच रिंग रोडने जात होते. आजोबांच्या दारात जी गर्दी होती ती शहरातून पुढे जाणाऱ्यांची नव्हतीच. ती शहरात येणाऱ्यांची होती. ज्याला गोलबाजारात जायचे आहे त्याला बाहेरून वळसा देऊन काय उपयोग?

वहीत आणखी एक गोष्ट निघाली. रस्ता आधीच अरुंद, त्यात दोन्ही बाजूंना दुकानांसमोर उभ्या केलेल्या गाड्या. संध्याकाळी कित्येक ठिकाणी वाहनांना जेमतेम एकेक पट्टा उरत होता. या उभ्या गाड्यांत एक गाडी आजोबांच्या मुलाचीही होती. नातीने तीही नोंद प्रामाणिकपणे केली होती. जेवणाच्या ताटावर मुलाने ती वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी मागच्या गल्लीत लावायला सुरुवात केली.

आजोबांचा हिशेब चुकला होता, पण हट्ट अजून सुटला नव्हता. ‘‘निदान पलीकडच्या वसाहतींसाठी पूल हवाच,’’ ते म्हणाले. यात तथ्य होते. एका पुलावर दोन्ही काठांचा भार पडतो, हे रोज जाणाऱ्यालाच कळते. नात म्हणाली, ‘‘चला, मग जागा बघून येऊ. कागदावर नदी दोन इंचांची दिसते.’’

खारूनच्या पलीकडे

रविवारी सकाळी आजोबा नातीच्या स्कूटीवर मागे बसले. महादेव घाटावर हाटकेश्वर महादेवाला नमस्कार केला. कार्तिक पौर्णिमेचा पुन्नी मेळा नुकताच आटोपला होता. मेळ्यातल्या दुकानांचे बांबू अजून काठावर पडले होते. पूल ओलांडून दोघे पलीकडे गेली. डांबरी रस्ता संपला, कच्चा सुरू झाला आणि पुढे धानाच्या शेतांचा पिवळा पट्टा लागला. कापणी चालू होती.

आजोबांनी खिशातून नकाशा काढला, सूर्य कुठे आहे ते पाहिले आणि एका बांधावर उभे राहिले. त्यांच्या हिशेबाने नवा रस्ता इथूनच जात होता.

शेताचा मालक विळा हातात घेऊनच जवळ आला. ‘‘बाबूजी, सरकारकडनं आलात?’’ त्याने विचारले. नकाशा घेऊन आलेला म्हातारा म्हणजे सरकार, एवढे त्या गावाला आता ठाऊक झाले होते. आपण सरकारकडचे नाही, शहरातून आलो आहोत, एक पूल सुचवतो आहोत, असे आजोबांनी सांगितले. शेतकऱ्याने त्यांना बाभळीच्या सावलीत बसवले, पाणी दिले आणि नकाशा समजावून घेतला. त्याची जमीन कन्हार, म्हणजे काळी, ओल धरून ठेवणारी. धान निघाल्यावर त्याच ओलीवर तो हरभरा घेतो. सगळी मिळून दोन एकर. पंचेचाळीस मीटरची पट्टी तिच्या मधोमध जात होती.

दक्षिणेकडून दुर्ग-रायपूर-आरंग असा ९२ किलोमीटरचा सहापदरी बायपास भारतमाला योजनेत आखला गेला, त्यात त्याच्या साडूचे शेत गेले होते. ‘‘पैसे मिळाले,’’ तो म्हणाला. ‘‘खोटं कशाला बोलू? मोटरसायकल आली, घराला स्लॅब पडला, मुलीचं लग्न झालं. पण उरलेलं शेत दोन तुकड्यांत. एक रस्त्याच्या या अंगाला, एक त्या अंगाला. मधे उंच भराव. बैल घेऊन पलीकडं जायला लांबचा वळसा. म्हणून त्यानं तो तुकडाही विकून टाकला. आता दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो. मोटरसायकलवरून जातो, एवढंच.’’

मग त्याने सहज विचारले, ‘‘तुमच्याकडचा रस्ता रुंद केला तर तुमचं काय जाईल, बाबूजी?’’

‘‘ओटा जाईल. फार तर दुकानाचा पुढचा भाग.’’

‘‘आणि इकडं?’’

आजोबांनी नकाशाची घडी घातली. शेतकरी रागावला नव्हता. त्याने नातीला ओंजळभर पिकलेली बोरे दिली, पुन्हा या म्हणाला आणि कापणीला लागला. परतीच्या वाटेवर आजोबा एक शब्द बोलले नाहीत.

टोपलीभर माती

आजी शाळेत हिंदी शिकवायच्या. रात्री जेवणे झाल्यावर नातीने दिवसभराची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांना माधवराव सप्रे आठवले. रायपूरच्या मराठी माणसाला सप्र्यांचा अभिमान असतोच. इथल्या एका जुन्या शाळेला त्यांचे नाव आहे. मातृभाषा मराठी, पण आयुष्य हिंदीला वाहिलेले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. त्याचे प्रकाशक होते वामनराव लाखे, ज्यांच्या नावाने आजचे लाखेनगर ओळखले जाते. याच मासिकात १९०१ मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटीशी कथा आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते.

गोष्ट अशी. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. म्हातारी ऐकत नाही, तेव्हा तो कोर्टकचेरी करून झोपडीचा ताबा घेतो. काही दिवसांनी म्हातारी टोपली घेऊन येते. झोपडी सुटल्यापासून नात जेवत नाही, आपल्या घरातल्या मातीची चूल करून भाकरी भाजली तर जेवेन म्हणते, तेव्हा टोपलीभर माती नेऊ द्या, अशी विनवणी करते. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच जरा हात लावायला सांगते. त्याला ती जागची हलवता येत नाही. एक टोपली उचलत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे पेलाल, असे म्हातारी विचारते. जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत देतो.

‘‘चाळीस वर्षं मी हा धडा शिकवला,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आणि रुंदीकरणाची नोटीस येणार म्हटलं की मला वाटायचं, आपण त्या म्हातारीसारख्या. आज तुमचा नकाशा बघून विचारते, अहो, यात आपण म्हातारी की जमीनदार?’’

आजोबांनी उत्तर दिले नाही. पण रात्री बराच वेळ माळ्याखालच्या दिव्याचा उजेड दिसत होता.

प्रश्न एका आजोबांचा नव्हता. शहरात रस्ता रुंद करायचा म्हटला की तोंडे दिसतात, सह्या होतात, दुकाने बंद ठेवली जातात. शहराबाहेरच्या शेतातून रस्ता न्यायचा म्हटला की नकाशावर नुसती हिरवी जागा दिसते. म्हणून तो प्रस्ताव सोपा वाटतो. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात खेड्यातल्या जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत आणि शहरातल्या जमिनीला दुपटीपर्यंत मोबदल्याची सोय आहे. सोय चांगली, पण पैसा जिथे येतो तिथे त्याच्यामागे लांडगेही येतात. रायपूरजवळ अभनपूर भागात विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या महामार्गासाठी जमीन घेताना कागदोपत्री जमिनीचे तुकडे पाडून जास्त मोबदला उचलल्याचे आरोप झाले आणि २०२५ मध्ये त्या प्रकरणात छापे पडले, अटकाही झाल्या. साध्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र भरावापलीकडचा तुकडा येतो.

दुसरा नकाशा

चार दिवसांनी आजोबांनी नवा कागद लावला. या वेळी नात शेजारी बसली होती.

पहिली गोष्ट त्यांनी अशी लिहिली: नवी जमीन मागण्याआधी शहराने आपल्याच ताब्यातली जमीन बघावी. याचे उदाहरण रायपुरातच आहे. १९०० साली सुरू झालेली रायपूर-धमतरी ही अडीच फुटी छोटी रेल्वे शतकभर शहराच्या मधून धावली. आजोबांच्या लहानपणी तिच्या शिट्टीवर घड्याळ लावायचे. शहरातली तिची धाव २०१७ मध्ये थांबली आणि रेल्वे स्टेशनपासून केंद्रीपर्यंत त्या रुळांच्या जागेवर एक्सप्रेस वे झाला. कुणाचे शेत चिरावे लागले नाही. पण घाईही नको, हेही त्याच रस्त्याने शिकवले. २०१९ च्या पावसाळ्यात तेलीबांध्याजवळ त्याचा एक भाग खचला, अपघात झाला, वाहतूक बंद ठेवून पुलांचे काम पुन्हा करावे लागले.

दुसरी गोष्ट: सुरू केलेले काम पुरे करावे. शास्त्री चौकातल्या पादचाऱ्यांसाठीच्या स्कायवॉकचा लोखंडी सांगाडा २०१८ नंतर बरीच वर्षे डोक्यावर नुसता उभा राहिला. त्याच्या खालून लोक पूर्वीसारखेच जीव मुठीत धरून रस्ता ओलांडत होते.

तिसरी: खारूनवर दुसरा पूल हवा, पण तो नदीच्या पलीकडच्या माणसांना विचारून. शेतांच्या मधून न जाता बांधाच्या कडेने आणि गावाच्या जुन्या गाडीवाटेला धरून रस्ता न्यावा. पंचेचाळीस मीटरचा हट्ट सोडावा. जिथे भराव येईल तिथे बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल असा भुयारी मार्ग आधीच ठेवावा. पुलावरून पहिल्या दिवसापासून बस धावावी. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे मावतात. तेवढीच माणसे एकेका स्कूटीवर निघाली तर ओट्यासमोरचा सारा रस्ता भरतो. आणि रस्त्याच्या कडेने दुकानांना परवानगी देऊ नये, नाहीतर वीस वर्षांनी कुणाच्या तरी नातवाला तिसरा पूल काढावा लागेल.

चौथी गोष्ट लिहायला आजोबांना सगळ्यात जास्त वेळ लागला. तात्यापारा ते शारदा चौक रुंदीकरण व्हावे, असे त्यांनी लिहिले. मोबदला आधी मिळावा, घर नंतर तुटावे. आणि मालकाबरोबर भाडेकरूचाही विचार व्हावा, कारण ओट्यालगतच्या चष्म्याच्या दुकानाची भिंत पडली तर मोबदला घरमालकाच्या नावावर येईल आणि पंधरा वर्षे तिथे बसलेला माणूस रिकाम्या हाताने उठेल.

चष्म्याच्या दुकानदाराला त्यांनी बोलावून हे वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘आजोबा, मागच्या वेळी मी सही केली ती दुकान वाचावं म्हणून. आता दुकान जाणार, त्यावर सही मागताय.’’

‘‘मागची खोली तुला देतो,’’ आजोबा म्हणाले. ‘‘माझ्या ड्रॉइंग बोर्डाची. गिऱ्हाईक गल्लीतून येईल. थोडं कमी येईल, पण येईल. भाडं तेवढं कमी दे.’’

दुकानदाराने सही केली. बाकीच्यांपैकी काहींनी केली, काहींनी दार लावून घेतले. पहिल्या निवेदनावर बत्तीस सह्या होत्या, दुसऱ्यावर अकरा झाल्या. आजोबांनी त्या अकराच पाठवल्या. सोबत नकाशा जोडला. त्यावर रस्त्याची नवी हद्द लाल शाईने दाखवली होती आणि ती रेघ सगळ्यात आधी त्यांच्याच ओट्यावरून गेली होती. खाली त्यांनी लिहिले, ‘या घराची संमती आहे.’

निवेदन पोचल्याची पावती आली. पुढे काय होईल ते कुणी सांगावे! सरकारी कागदाला पाय फुटायला वेळ लागतो, हे खात्यात हाडे झिजवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. सकाळी सातचा चहा अजून ओट्यावरच होतो. साडेनऊला खुर्ची आत जाते. जामही लागतो. मात्र त्या रांगेतल्या चार-पाच घरांनी आपल्या गाड्या मागच्या गल्लीत लावायला सुरुवात केली आहे, त्यामुळे संध्याकाळी एक ऑटो जाईल एवढी जागा मोकळी राहते.

परवा आजोबा मागच्या अंगणात फुटपट्टी घेऊन काहीतरी मोजत होते. आजींनी स्वयंपाकघरातून विचारले, ‘‘अहो, ऊन लागेल. काय मोजताय?’’

‘‘तुळशीला जागा बघतोय. सकाळचं ऊन कुठवर येतं ते पाहायला हवं.’’

आजी बाहेर आल्या, पदर खोचला आणि विहिरीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘तिथे ठेवा. माझ्या खिडकीतून दिसेल.’’